मार्लेन डीट्रिख कशी पाहावी: तीसच्या दशकातले तिचे सिनेमे पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

१९३० ते १९३९ या काळात मार्लेन डीट्रिखचे १३ बोलपट आले. पहिला बर्लिनजवळ बाबेल्सबर्गला तयार झाला, एक लंडनजवळच्या डेनहॅम स्टुडिओत आणि बाकीचे ११ हॉलिवूडमध्ये. तिचा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो: डोक्यावर उंच काळी टोपी, कोरलेल्या बारीक भुवया, हातात सिगारेट. सिनेमे मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असतात. हौसेने सुरुवात करणारे कुठूनही करतात, हाती अंधूक प्रत लागते, सिनेमा संथ वाटतो आणि अर्ध्या तासात बंद होतो. तसं होऊ नये म्हणून ही वाट आखून देतो आहे. याच क्रमाने गेलात तर एकेक सिनेमा पुढच्या सिनेमाची दारं उघडत जातो.

वाटेवर एकच गोष्ट धरून ठेवा. ती कुणाकडे पाहते आहे, ते बघा. या १३ पैकी बऱ्याच सिनेमांत ती रंगमंचावर, कॅबरेत किंवा दारूच्या गुत्त्यात गाणारी बाई आहे. समोरची पुरुषमंडळी समजतात की आपण हिला बघतोय. प्रत्यक्षात ती त्यांना बघत असते, जोखत असते, कधी कंटाळून नजर फिरवत असते. सौंदर्याच्या दंतकथेखाली तिचं हे काम झाकून गेलं आहे. माझ्या मते तिचा सगळा अभिनय त्या नजरेत आहे.

थोडी ओळख हवी. जन्म २७ डिसेंबर १९०१, बर्लिनच्या श्योनेबर्ग भागात. वडील पोलीस अधिकारी. मुलगी व्हायोलिन शिकत होती, पण मनगट दुखावलं आणि ते सुटलं. मग नाटकं, संगीतिका, मूकपट. १९२३ मध्ये रुडॉल्फ झीबरशी लग्न, पुढच्या वर्षी मुलगी मारिया. तेव्हा पहिल्या बोलपटाच्या वेळी ती कुणी कोवळी नवखी पोर नव्हती. २८ वर्षांची, पाच वर्षांच्या मुलीची आई आणि रंगमंचावर घासूनपुसून तयार झालेली नटी होती. पुढे ती स्वतःच आपले जुने मूकपट नाकारत राहिली, म्हणून 'एका रात्रीत सापडलेली' ही गोष्ट रुजली. ती विसरा.

पायरी पहिली: आधी प्रत नीट मिळवा

यात कंटाळा करू नका. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या दिग्दर्शकाने तिच्याबरोबर सात सिनेमे केले, आणि ते उजेड, धूर, जाळी आणि करड्या रंगाच्या शंभर छटांवर उभे आहेत. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून इंटरनेटवर टाकलेल्या पुसट प्रतीत यातलं काहीच उरत नाही. उरते ती नुसती गोष्ट, आणि गोष्ट हा या सिनेमांचा सगळ्यात दुबळा भाग आहे. सातपैकी सहा हॉलिवूडचे सिनेमे क्रायटेरियन कंपनीने २०१८ मध्ये एकत्र संचात काढले आहेत. निदान त्या तोडीची प्रत शोधा.

'द ब्लू एंजल' हा तिचा पहिला बोलपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एकाच वेळी चित्रित झाला. तुम्ही जर्मनच बघा. इंग्रजी प्रतीत नट अडखळत बोलतात आणि प्रसंगांचा जीव जातो. सुरुवातीची दहा मिनिटं लावून भाषा तपासा, मगच बसा. इंग्रजी सिनेमांनाही सबटायटल्स लावाच. त्या काळचं ध्वनिमुद्रण, तिचा जर्मन हेल आणि गाण्यांतली फ्रेंच, सगळं एकदम कानाला झेपत नाही.

पुण्या-मुंबईत राहत असाल तर मॅक्स म्युलर भवनात जर्मन सिनेमांबद्दल चौकशी करा. फिल्म सोसायटीचे सभासद असाल तर कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या मागे लागा. हे सिनेमे मोठ्या पडद्यासाठी आहेत. घरीच बघायचे तर खोलीत अंधार करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवे चालू ठेवून हे सिनेमे बघण्यात अर्थ नाही, कारण पडद्यावरचा अर्धा भाग अंधारच आहे आणि तो दिसायला हवा.

पायरी दुसरी: सुरुवात 'द ब्लू एंजल'पासूनच

मराठी प्रेक्षकाला इथे एक सोय आहे. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा 'पिंजरा' पाहिला असेल तर या सिनेमाचा सांगाडा तुमच्या ओळखीचा आहे. तत्त्वनिष्ठ मास्तर, गावात आलेला तमाशाचा फड, बाईला हुसकावायला गेलेला माणूस तिच्याच पायाशी येऊन पडतो. 'पिंजरा' 'द ब्लू एंजल'वरच बेतलेला आहे. (जर्मनीशी शांतारामांचा संबंध त्याहून जुना. 'सैरंध्री'च्या रंगांच्या कामासाठी ते १९३३ मध्ये तिकडे गेले होते.) 'ब्लू एंजल'ची कथा हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरून घेतली आहे.

बंदरालगतच्या छोट्या शहरात प्रोफेसर राट मुलांना इंग्रजी शिकवतो. उच्चार जमत नाही म्हणून विद्यार्थ्याच्या दातांत पेन्सिल धरायला लावणारा हा माणूस. मुलांच्या वह्यांत एका गाणाऱ्या बाईची चित्रकार्डं सापडतात. कार्डावरच्या झग्याला पिसं चिकटवलेली आहेत, फुंकर मारली की ती उडतात. मुलांना रंगेहाथ पकडायला मास्तर 'ब्लू एंजल' नावाच्या गुत्त्यात जातो आणि लोला लोला त्याला भेटते. पुढे लग्न, नोकरी गेलेली, बायकोची तीच कार्डं प्रेक्षकांत फिरून विकणं आणि शेवटी विदूषकाच्या वेशात आपल्याच गावच्या रंगमंचावर उभं राहणं. एमिल यानिंग्ज हा तेव्हाचा बडा नट, अभिनयाचं पहिलं ऑस्कर मिळवलेला. सिनेमा खरं तर त्याच्यासाठी काढला होता.

पहिल्यांदा बघताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

दारं. रंगपटाचं दार उघडलं की रंगमंचावरचं गाणं धाडकन आत येतं, दार मिटलं की तुटतं. बोलपट नुकताच जन्मला होता आणि स्टर्नबर्गला त्याचा उपयोग कळला होता. मागे वाजणारं भावपूर्ण संगीत इथे जवळजवळ नाहीच. बाहेर तमाशा आणि आत दोन माणसं, हा ताण फक्त एका दारावर तोललेला आहे.

पक्षी. सुरुवातीलाच मास्तर सकाळी शीळ घालतो, पिंजऱ्यातून उत्तर येत नाही, पक्षी मेलेला असतो. घरकाम करणारी बाई तो उचलून सरळ शेगडीत टाकते. पुढे लोलाच्या घरी पहिल्यांदा जाग येते तेव्हा तिथला पक्षी गातोय. एवढंच. यावर कुणी काही बोलत नाही.

आणि लोला. ती दुष्ट नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. मास्तर येतो तेव्हा तिला गंमत वाटते, थोडी मायाही वाटते. कुणीतरी आपल्या अब्रूसाठी मारामारी केली याचं तिला अप्रूप आहे. लग्नाची मागणी ऐकून ती खदखदून हसते, आणि तरी लग्न करते. संगीतकार फ्रीडरिख होलेंडरच्या त्या प्रसिद्ध गाण्यात ती सांगूनच टाकते की पुरुष पतंगासारखे भोवती येतात, जळले तर माझा काय दोष. हे गाणं सिनेमात दोनदा येतं. पहिल्यांदा ती मास्तरकडे बघून गाते, आवाजात ऊब आहे. शेवटी तेच गाणं ती खुर्चीवर उलटी बसून, कुणाकडेच न बघता गाते. नजरेतला हा एवढाच फरक संपूर्ण सिनेमा सांगून जातो.

'पिंजरा'तली चंद्रकला मास्तरांवर खरा जीव लावते. लोलाला असलं काही करावंसं वाटत नाही. मराठी सिनेमाला नीतीचा निवाडा हवा होता. जर्मन सिनेमा निवाडा देत नाही आणि म्हणून जास्त कठोर होतो. दोन्ही पाठोपाठ बघितलेत तर हा फरक फार स्पष्ट जाणवतो. 'पिंजरा'ने कथेला खुनाच्या आरोपाची जी कलाटणी दिली, तीही मूळ सिनेमात नाही.

१ एप्रिल १९३० ला बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच रात्री डीट्रिख अमेरिकेकडे निघाली. सिनेमा काढणाऱ्या ऊफा कंपनीने तिच्याशी करार पुढे चालवला नव्हता. हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीने तिला घेतलं.

पायरी तिसरी: 'मोरोक्को', शक्यतो त्याच आठवड्यात

लोलानंतर फार दिवस जाऊ देऊ नका. तीच बाई, तोच दिग्दर्शक आणि तेच वर्ष, १९३०. आणि तरी बाई बदललेली दिसेल. गालांचा गोलवा गेलेला, चेहरा कोरलेला, हालचाली संथ. बर्लिनची धांदलखोर, मांडीवर थाप मारून हसणारी लोला इथे कमी बोलणारी एमी जॉली झाली आहे.

पहिला कॅबरेचा प्रसंग दोनदा बघा, ही माझी आग्रहाची सूचना. ती पुरुषी टेलकोट आणि उंच टोपी घालून येते. प्रेक्षक हुर्यो उडवतात. ती गात नाही. खुर्चीच्या कडेला टेकते, सिगारेट ओढते आणि गोंगाट शमायची वाट बघते. त्या काही क्षणांत तिने सभागृह ताब्यात घेतलेलं असतं. फडावरच्या चांगल्या नर्तकीला ढोलकी सुरू व्हायच्या आधी मंडळींवर नजर फिरवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच उमगेल. फ्रेंच गाणं झाल्यावर ती एका टेबलाशी थांबते, तिथल्या बाईच्या केसांतलं फूल मागून घेते, तिच्या ओठांचं चुंबन घेते आणि फूल लष्करी वेशातल्या गॅरी कूपरकडे फेकते. १९३० मध्ये हे घडलं आणि सेन्सॉरच्या कात्रीतून वाचलं.

पुढच्या गाण्यात ती सफरचंदं विकत टेबलांमधून फिरते. पैसे टाकणारे श्रीमंत एका बाजूला आणि खिसा रिकामा असलेला शिपाई दुसऱ्या बाजूला. दौलतजादा करणाऱ्यांच्या गर्दीत ती कुणाला काय देते, याकडे लक्ष द्या. सुट्ट्या पैशांच्या जागी ती त्या शिपायाच्या हातात खोलीची किल्ली सरकवते.

शेवट सांगत नाही. उंच टाचांचे बूट आणि वाळवंट, एवढंच लक्षात ठेवा. पटेल की नाही हा प्रश्न आहेच. मला पहिल्यांदा पटला नव्हता, आता पटतो, कारण सिनेमाभर तिने स्वतःहून केलेली निवड हीच एक आहे. अभिनयासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं ते याच सिनेमासाठी, आणि आयुष्यात एकदाच.

पायरी चौथी: 'शांघाय एक्स्प्रेस'मध्ये उजेड बघायला शिका

१९३२ चा हा सिनेमा सगळ्यात सहज आवडणारा आहे. कुणाला फक्त एकच बघायचा असेल तर मी हाच सुचवीन. यादवी पेटलेल्या चीनमध्ये पेकिंगहून शांघायला निघालेली आगगाडी, डब्यात नाना तऱ्हेचे प्रवासी, वाटेत बंडखोर गाडी अडवतात. डीट्रिख इथे बदनाम झालेली 'शांघाय लिली' आहे, आणि पूर्वी सोडून गेलेला इंग्रज डॉक्टर त्याच गाडीत भेटतो. लांबी दीड तासाहून कमी.

इथे तांत्रिक बाजू समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे सिनेमे वेगळे दिसतील. तिच्या जवळून घेतलेल्या एखाद्या दृश्यात सिनेमा थांबवा आणि नाकाखाली बघा. फुलपाखरासारखी छोटी सावली दिसेल. मुख्य दिवा समोरून पण चांगला उंच ठेवला की ती सावली पडते, गालाखाली खळगा दिसतो, पापण्यांची सावली गालावर उतरते आणि नाक सरळ भासतं. बाजूने वा खालून उजेड दिला तर हाच चेहरा रुंद, साधा दिसतो. तिला स्वतःला हे गणित पाठ झालं होतं. दिवा कुठे आहे, आपण किती मान उचलायची, हे तिला छायालेखकाइतकंच कळत असे, आणि पुढे दुसऱ्या दिग्दर्शकांच्या सेटवरही ती आपला आरसा जवळ ठेवून ते सांभाळायची. म्हणून 'स्टर्नबर्गने तिला घडवलं' हे अर्धंच खरं मानावं. उभं कुठे राहायचं हे कळणं हाही अभिनयच असतो.

छायालेखक ली गार्म्सला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. दोन ठिकाणी विशेष लक्ष द्या. अंधाऱ्या डब्यात फक्त तिचे जोडलेले हात उजळतात, ते एक. आणि एकटी दाराशी टेकून ती वर उजेडाकडे बघते, हातातली सिगारेट किंचित थरथरते, ते दुसरं. संवाद शून्य. सिनेमाभर तिने चेहऱ्यावर जे काही येऊ दिलेलं नाही ते या एका थरथरीत आहे.

आणि अ‍ॅना मे वाँगला विसरू नका. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ही चिनी-अमेरिकन नटी इथे ह्वी फेई आहे. डीट्रिखच्या शेजारी बसून पत्ते मांडताना ती तसूभरही कमी पडत नाही, उलट कथेतलं सगळ्यात धाडसाचं काम तिच्याच वाट्याला आलंय. दुखणारी गोष्ट अशी की बंडखोर चिनी सरदार मात्र वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटाने चेहरा रंगवून केला आहे. हॉलिवूडची ही सवय तेव्हा सरसकट होती. बघताना ती खटकली पाहिजे.

पायरी पाचवी: मधल्या दोघी

'डिसऑनर्ड' (१९३१) आणि 'ब्लाँड व्हीनस' (१९३२) सवडीने बघा.

पहिल्यात ती पहिल्या महायुद्धातली ऑस्ट्रियाची हेर आहे, गुप्त संदेश पियानोच्या सुरांत लिहिणारी. मध्ये ती खेडवळ मोलकरणीचं सोंग घेते. रंगरंगोटी नाही, केस चापून बसवलेले, हसू बावळट. तिला विनोद किती सहज येत होता हे तिथे दिसतं. शेवटी गोळ्या घालणाऱ्या तुकडीसमोर उभं राहताना ती एका अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पात्यात स्वतःला बघते, आणि नंतर ओठांना लाली लावते. हे लालीचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

'ब्लाँड व्हीनस' विस्कळीत आहे. आजारी नवऱ्यासाठी पुन्हा गायला लागलेली बायको, मग मुलाला घेऊन पळणारी आई. तरुण कॅरी ग्रँट आहे. गोरिलाच्या कातड्यातून ती बाहेर येते ते गाणं गाजलं, पण मागे भाले घेतलेल्या 'आफ्रिकन' नर्तकींची जी सजावट केली आहे ती आज बघवत नाही, आणि बघवू नये. मुलाबरोबरचे प्रसंग मात्र खरे वाटतात.

पायरी सहावी: 'द स्कार्लेट एम्प्रेस'

इथवर आलात की तुम्ही तयार आहात. १९३४ चा हा सिनेमा आधी बघितला तर वेडाचार वाटतो. उजेडाची भाषा कळल्यावर बघितला तर डोळे दिपतात.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिची ही कथा. इतिहास शिकायला मुळीच बघू नका. राजवाडा म्हणजे एक दुःस्वप्न आहे: खुर्च्यांच्या पाठीला वाकलेले, विव्हळणारे पुतळे, मेजावर सांगाडा, दारं इतकी जड की उघडायला बायकांचा घोळका लागतो. अर्धवट डोक्याचा नवरा पीटर सॅम जॅफीने केला आहे, दात विचकणारं ते हसू विसरता येत नाही. लहानपणीच्या राजकन्येचं काम डीट्रिखच्या मुलीने, मारियाने केलं आहे.

लग्नाचा प्रसंग तर शिकण्यासारखा आहे. बराच वेळ संवाद नाहीत, फक्त समूहगान. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या जवळ जवळ जातो. जाळीच्या बुरख्यापुढे तिने मेणबत्ती धरली आहे आणि श्वासागणिक ज्योत हलते. मुलीला आपलं काय होणार ते कळलंय, आणि ते आपल्याला कळतं ते ज्योतीवरून.

आता मूळ सूचनेकडे या. पहिल्या भागात तिची नजर बघा: डोळे विस्फारलेले, ओठ किंचित उघडे, जो बोलेल त्याच्याकडे भाबडेपणाने बघणारी. तिशी ओलांडलेली बाई कोवळ्या पोरीचं काम करतेय हे कळतं, थोडं अतीही वाटतं. पण तो अतिरेक मुद्दाम आहे. दुसऱ्या भागात पापण्या अर्ध्या मिटतात आणि ती माणसं जोखू लागते. शेवटी पांढऱ्या लष्करी वेशात घोड्यांसकट राजवाड्याच्या पायऱ्या चढते तेव्हा चेहऱ्यावर जे हसू आहे ते विजयाचं आहे की वेडाचं, सांगता येत नाही. तिच्या कामातला मला सगळ्यात धीट वाटणारा क्षण तो.

सिनेमा पडला. १ जुलै १९३४ पासून अमेरिकेत नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू झाली होती. चित्रीकरण त्याआधी झालेलं असल्यामुळे यातलं बरंच वाचलं. पुढचा 'द डेव्हिल इज अ वुमन' (१९३५) डीट्रिख आणि स्टर्नबर्ग या दोघांचा अखेरचा सिनेमा ठरला. स्पेनमधल्या आनंदमेळ्यात घडणारी, म्हाताऱ्या प्रियकराला पुन्हा पुन्हा झुलवणाऱ्या काँचाची ही कथा. स्पॅनिश सरकारने हरकत घेतली आणि पॅरामाउंटने तो मागे घेतला. डीट्रिखने मात्र आपली प्रत जपून ठेवली. तिच्या मते ती स्वतः सर्वांत सुंदर दिसली ती याच सिनेमात. कथा सांगणारा तो वयस्क, मिशाळ, अपमान गिळणारा गृहस्थ स्टर्नबर्गसारखा दिसतो, हे बघणाऱ्याच्या लक्षात येतंच. एका सहवासाचा शेवट म्हणून बघा. आधीचे सिनेमे पाहिले असतील तरच तो भिडतो.

पायरी सातवी: स्टर्नबर्गनंतर ती हसते

अनेक मार्गदर्शक इथेच थांबतात, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

'डिझायर' (१९३६) फ्रँक बोर्झेगीचा, निर्मिती एर्न्स्ट ल्युबिचची. ती मोत्यांच्या कंठ्याची चोर आहे. चोरीची युक्ती ऐका: जवाहिऱ्याला सांगते की मी अमक्या मानसोपचार डॉक्टरांची बायको, डॉक्टरांना सांगते की मी त्या जवाहिऱ्याची बायको आणि माझ्या नवऱ्याला लोकांपुढे बिलं नाचवायचं वेड लागलंय. मग दोघांना एकमेकांसमोर सोडून कंठा घेऊन निघून जाते. गॅरी कूपर पुन्हा आहे, 'मोरोक्को'तल्या जोडीशी तुलना करायला मजा येते.

'एंजल' (१९३७) ल्युबिचने स्वतः केला. शांत, थोडा गार सिनेमा, पण एक प्रसंग अप्रतिम आहे. नवरा, बायको आणि तिचा गुपित प्रियकर एका टेबलावर जेवतायत, आणि कॅमेरा स्वयंपाकघरात नोकरांजवळ राहतो. ताटल्या परत येतात: तिची न शिवलेली, पाहुण्याची तुकडे करून तशीच ठेवलेली, नवऱ्याची चाटूनपुसून रिकामी. नोकर चर्चा करतात की मांसात काही बिघडलं होतं का.

१९३८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या काही थिएटरमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन गल्ला बुडवणाऱ्या नटनट्यांची नावं छापली. डीट्रिख त्यात होती. ग्रेटा गार्बो आणि कॅथरीन हेपबर्नही होत्या. पॅरामाउंटने तिला सोडलं.

आणि मग १९३९ चा 'डेस्ट्री राइड्स अगेन'. पश्चिमेकडचं धुळकट गाव, 'लास्ट चान्स' नावाचा गुत्ता, त्यातली गाणारी फ्रेंची. केस विस्कटलेले, आवाज मोठा. दुसऱ्या बाईबरोबर जमिनीवर लोळून मारामारी करते आणि जेम्स स्टुअर्ट दोघींवर बादलीभर पाणी ओततो. दिव्यांचं सगळं गणित धुऊन गेलं, आणि आतली बाई शाबूत निघाली. ही लोलाच आहे, नऊ वर्षांनी परत आलेली. गाण्याची चालही होलेंडरचीच. स्टुअर्ट तिला म्हणतो की या रंगाखाली चेहरा चांगला असेल. शेवटी ती स्वतःच्या हाताने ओठांची लाली पुसते. 'डिसऑनर्ड'मध्ये मरताना लाली लावणारी आणि इथे पुसणारी, या दोन हातवाऱ्यांमध्ये तिचं पूर्ण दशक मावतं.

त्याच १९३९ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. नाझी राजवटीला ती परत हवी होती, तिने नकार दिला. पुढे युद्धात सैनिकांसमोर आघाडीवर जाऊन गायली. 'ब्लू एंजल'मधली माणसं मात्र पांगली. यानिंग्जने नाझी राजवटीत सिनेमे केले. होलेंडर आणि निर्माता एरिक पॉमर ज्यू असल्यामुळे देश सोडून गेले. जादूगार कीपर्टचं काम करणारा कुर्ट गेरॉन १९४४ मध्ये आउश्विट्झला मारला गेला. हे कळल्यावर त्या गुत्त्याच्या रंगपटातली गर्दी पुन्हा एकदा बघा, आणि गेरॉनकडे नीट बघा. फार चांगला नट होता.

काय सोडलं तरी चालेल

'द साँग ऑफ साँग्ज' (१९३३) मामूलियनसारख्या दिग्दर्शकाचा असूनही जड आहे. 'द गार्डन ऑफ अल्लाह' (१९३६) टेक्निकलरमधला, त्याच्या रंगीत छायाचित्रणाला खास ऑस्कर मिळालं. रंगांसाठी वीस मिनिटं बघा, पुढे कथा चालत नाही. डेनहॅममध्ये झालेला 'नाइट विदाउट आर्मर' (१९३७) रशियन क्रांतीतल्या पळापळीचा. त्यातला सकाळी रिकाम्या वाड्यात नोकरांना हाका मारत फिरणारी ती, हा प्रसंग शोधून बघा. घंटा वाजवते, कुणी येत नाही, आणि बाहेर हिरवळीवर माणसांची रांग दिसते.

आठवड्याला एक याहून वेग नको. प्रत्येक सिनेमानंतर वहीत एवढंच लिहा: ती पहिल्यांदा पडद्यावर कशी आली, पहिलं गाणं कुणासमोर झालं, आणि शेवटच्या दृश्यात ती कुणाकडे बघत होती. सात-आठ सिनेमांनंतर ती पानं ओळीने वाचा.

पुढची वाट दोन दिशांना जाते. तिच्याच मागे जायचं असेल तर बिली वाइल्डरचा 'अ फॉरिन अफेअर' (१९४८) घ्या. उद्ध्वस्त बर्लिनच्या तळघरातल्या कॅबरेत ती गाते आणि पियानोवर स्वतः होलेंडर बसला आहे. त्या काळातच राहायचं असेल तर गार्बोकडे वळा, 'क्वीन क्रिस्टीना' (१९३३) पासून. तो सिनेमाही मामूलियनचाच, आणि 'द साँग ऑफ साँग्ज'च्याच वर्षातला.